तलावाचे पाणी हिरवे का झाले, हे विचारण्याआधी तळातले शेवाळ का गेले ते शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साकोली तालुक्यातला पंधरा एकरांचा मामा (माजी मालगुजारी) तलाव, भरल्यावर सरासरी दीड मीटर पाणी. पूर्वी कमळ, कुमुद, काठाला लव्हाळे आणि तळाशी दाट शेवाळ असायचे, कमरेइतक्या पाण्यात पाय दिसायचे. चार वर्षांपूर्वी गाळ काढला, त्यानंतर मत्स्य संस्थेने सहा जातींचे मिश्र बीज सोडले. आता दोन वर्षे पाणी हिरवा रंग कालवल्यासारखे आहे, खालचे काहीच उरलेले नाही, आणि गेल्या ऑगस्टमध्ये एका पहाटे मासे वर येऊन मेले. कोणी मोरचूद सांगतो, कोणी तुरटी, कोणी जलपर्णी सोडायला, कोणी बाटलीतले जिवाणू. यांतले काय टाकावे आणि किती?

यांतले काहीही टाकू नका. का, ते पुढे येईलच. त्याआधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे ‘शेवाळ’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. हायड्रिला, वॅलिस्नेरिया, सेराटोफायलम या पाण्याखाली वाढणाऱ्या पाणवनस्पतींनाही शेवाळ म्हणतात, आणि पाणी हिरवे करणाऱ्या सूक्ष्म जीवांनाही. या दोघांचे एकमेकांशी वैर आहे. मी पहिल्यांना पाणवनस्पती आणि दुसऱ्यांना शैवाल म्हणतो. तुमच्या तलावात शैवाल वाढले म्हणून पाणवनस्पती गेल्या असे सगळे धरून चालले आहेत. तुम्ही दिलेला क्रम पाहता उलटे झाले असण्याची शक्यता जास्त आहे: आधी पाणवनस्पती गेल्या आणि त्यांची रिकामी जागा शैवालाने घेतली.

उथळ तलाव दोन अवस्थांत टिकून राहतो. पाणवनस्पती भरपूर असतील तर त्या वाऱ्याने गाळ ढवळू देत नाहीत, पाण्यातले अन्न स्वतः ओढतात, आणि त्यांच्या झुपक्यांत डॅफ्नियासारखे शैवाल खाणारे बारीक जीव माशांपासून लपून राहतात. त्यामुळे पाणी नितळ राहते, प्रकाश तळापर्यंत पोचतो, आणि वनस्पती आणखी वाढतात. त्या एकदा गेल्या की हेच चक्र उलटे फिरते. गाळ उठतो, डॅफ्निया खाल्ला जातो, शैवाल वाढते, प्रकाश वरच्या हातभर पाण्यातच संपतो आणि नवा कोंब अंधारात मरतो. म्हणून कारण दूर केले तरी तलाव आपोआप पूर्वीसारखा होत नाही. ज्या मर्यादेला तो बिघडला, त्याच्या बरेच खाली आणल्याशिवाय तो परत फिरत नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुमच्या तलावाकडे मी फक्त चार ओळींतून पाहतो आहे. तलाव उन्हाळ्यात पूर्ण आटतो की पाणी राहते, गावाचे सांडपाणी येव्यात (तलावात पाणी येण्याच्या वाटेत) येते की नाही, वरच्या बांध्यांत उन्हाळी धान होतो का, आणि गावाला तलावातून मुख्यतः काय हवे आहे, यावर उपाय बदलेल. मत्स्यशेतीत पाणी मुद्दाम हिरवे करतात. हेक्टरी वर्षाला १० टनांच्या आसपास शेण आणि वर सुपर फॉस्फेट टाकून, पाण्यात सोडलेली ताटली ३०–४० सेंमीवर दिसेनाशी होईल इतके हिरवे ठेवणे ही तिथली शिफारस आहे. कटल्याचे उत्पादन हेच एकमेव उद्दिष्ट असेल तर संस्थेचे काही चुकलेले नाही. कमळ, कुमुद, मरळ, पाणपक्षी आणि गुरांना प्यायला बरे पाणी हवे असेल, तर मात्र दोन्ही एकाच पाण्यात मिळणार नाहीत. हे ग्रामसभेत आधी ठरू द्या. नाहीतर एक गट वनस्पती लावेल आणि दुसरा गट त्या माशांना चारेल.

पैसा खर्च करण्याआधी पाच तपासण्या करा. सगळ्या मिळून हजार-दोन हजारांत होतात.

पहिली बाटलीची. पारदर्शक बाटली काठापासून जरा आतले पाणी घेऊन भरा, सावलीत न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर ते बहुधा मायक्रोसिस्टिससारखे निळे-हिरवे शैवाल आहे. त्याच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ते वर येते. पाणी सगळीकडे सारखेच हिरवे राहिले तर साधे हिरवे शैवाल. तळाशी मातकट थर बसून वरचे पाणी नितळले, तर तुमची अडचण शैवालापेक्षा गाळाची जास्त आहे. काठी फिरवल्यावर लांब धागे येत असतील तर तंतूमय शैवाल, आणि ते पाणी सुधारतानाही येते, त्याला घाबरायचे नाही.

थर वर आला असेल तर तपासण्यांआधी दवंडी द्या: त्या पाण्यात अंघोळ नको, गुरांना साय जमलेल्या काठावर पाजू नका. यातल्या काही जाती यकृतावर परिणाम करणारी विषे तयार करतात. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरसाठी जागतिक आरोग्य संघटनेची तात्पुरती मर्यादा लीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, आणि पाणी उकळल्याने हे विष जात नाही.

दुसरी ताटलीची. २० सेंमी व्यासाची स्टीलची ताटली घ्या, चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, मधल्या भोकातून दोरी ओवून खाली वजन बांधा, दोरीला दर १० सेंमीला गाठ मारा. सकाळी १० ते दुपारी २ या वेळात डोंग्याच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, तोच माणूस. या खोलीच्या साधारण दोन ते अडीचपट खाली पृष्ठभागावरच्या प्रकाशाचा जेमतेम १ टक्का उरतो. रुजलेले झाड तिथे तग धरू शकेलही. नव्या लागवडीसाठी मात्र मी दीडपटीच्या पलीकडे भरवसा ठेवत नाही. ताटली २५ सेंमीवरच दिसेनाशी होत असेल, तर तुम्ही एक मीटर पाण्यात लावलेले सगळे मरेल. सगळ्यात जास्त लागवडी इथेच वाया जातात.

तिसरी पहाटेच्या प्राणवायूची. विरघळलेला प्राणवायू मोजायचा थेंबांचा संच मत्स्यबीजाच्या दुकानात मिळतो. सूर्योदयाआधी मोजा, दुपारचा आकडा फसवा असतो. ३० अंश तापमानाच्या पाण्यात लीटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. दाट शैवाल दुपारी त्याच्याही वर नेते आणि रात्रभर तेच शैवाल श्वासावाटे तो ओढते. पहाटे आकडा २ च्या खाली गेला की कार्प जातीचे मासे तोंड वर काढतात. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे हे हटकून होते, म्हणून तुमचे मासे ऑगस्टमध्ये गेले. त्यासाठी पाण्यात कोणी विष कालवायची गरज नव्हती. पुन्हा तसे दिसले तर पंपाने तलावाचेच पाणी उंचावरून फवारत परत सोडा, खाद्य आणि शेण त्याच क्षणी थांबवा, मेलेले मासे त्याच दिवशी काढून चुन्यात पुरा.

चौथी तपासणी टबातली. काठापासून वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणचा वरचा गाळ घ्या, टबात ३ सेंमी थर द्या, वर २०–२५ सेंमी बोअरचे पाणी भरा, अर्धा दिवस ऊन मिळेल अशा जागी सहा ते आठ आठवडे ठेवा. गाळात कारा या तळाशी वाढणाऱ्या जातीचे बीज, हायड्रिलाचे कंद, कुमुदाचे बी जिवंत असेल तर ते उगवेल. दोन-तीन जाती जरी आल्या तरी अर्धे काम झाले, तलावाला फक्त प्रकाश हवा आहे. काहीच आले नाही, तर वरचा बियाळ थर गाळाबरोबर शेतात गेला असे समजा. दुसऱ्या टबात तलावाचेच पाणी, एक-दोन दिवस निवळू देऊन फडक्यातून गाळलेले, आणि तिसऱ्यात बोअरचे पाणी घेऊन दोन्हींत हायड्रिलाचे १० सेंमीचे पाच-पाच तुकडे टाका. दोन आठवड्यांत तलावाच्या पाण्यातले वाळले-पिवळे पडले आणि बोअरच्या पाण्यातले वाढले, तर तणनाशकाचा संशय धरा. हे विशेषतः आषाढ-श्रावणात, रोवणीनंतरच्या पाण्यावर करून पाहा.

पाचवी जाळीची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. अर्धा ते पाऊण मीटर पाण्यात चार बांबू रोवून २ बाय २ मीटरचा चौकोन करा, १ सेंमी आसाची (भोकाची) नायलॉन जाळी लावा. खालची कड १५–२० सेंमी गाळात दाबा, वरची पाण्याच्या वर अर्धा मीटर ठेवा. असे दोन चौकोन जाळीचे आणि शेजारी दोन नुसत्या बांबूंचे. चारही ठिकाणी सारखीच रोपे लावा. दीड-दोन महिन्यांत जाळीतली जगली आणि उघड्यावरची कुरतडलेली किंवा उपटलेली दिसली, तर पुढे वाद घालायचे कारण उरत नाही: मासे खात आहेत. दोन्हीकडची मेली तर प्रकाश किंवा रसायन.

तुमच्याकडे जाळीतली जगतील असा माझा अंदाज आहे. सहा जातींच्या बीजात कटला, रोहू, मृगळ आपले. चंदेरा (सिल्व्हर कार्प), गवत्या आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) बाहेरचे. गवत्या म्हणजे ग्रास कार्प भारतात १९५९ साली आणला गेला. पाणवनस्पती खाणे हेच त्याचे काम. त्याला हायड्रिला सर्वांत आवडतो. पाणी गरम असताना लहान वयाचा मासा दिवसाला स्वतःच्या वजनाइतका पाला फस्त करू शकतो, आणि खाल्लेल्यातले बरेचसे अर्धवट पचून विष्ठेवाटे पाण्यातच खत म्हणून परत येते. म्हणजे उभी वनस्पती जाते आणि तिच्यातले अन्न शैवालाच्या ताटात पडते. सायप्रिनस वनस्पतींवर फारसा जगत नाही, तळ उकरतो. तो हेक्टरी १०० किलोच्या वर गेला की मुळे उपटणे आणि गढूळपणा दोन्ही ठळक दिसू लागतात. दर वर्षी पूर्ण आटणाऱ्या बोडीत (छोट्या तळ्यात) ही जोडी उन्हाळ्यात आपोआप निघते. तुमच्या तलावात मे महिन्यातही पाणी राहत असेल तर गवत्या दहा वर्षे मजेत जगतो. सहाशे-सातशे गवत्ये टिकले असतील तर लागवडीचा विचारही करू नका. तो हिरवा चारा होईल.

दुसरे मोठे कारण गाळ उपसण्याच्या पद्धतीत असावे. गाळ काढणे वाईट नाही. शेतातून वाहून आलेला स्फुरद (फॉस्फरस) गाळाबरोबर तलावाबाहेर जातो आणि शेतकऱ्याला खत मिळते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली ती याच हिशेबाने. बिघाड होतो तो पोकलेनवाल्याला फक्त ब्रास मोजून पैसे दिल्यावर. मग तो जिथे ट्रॅक्टर सहज उभा राहतो तिथे, म्हणजे काठाला, खोल खड्डा करतो. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) समोरचा, येव्याकडचा जो पसरट उथळ भाग असतो तो या तलावांचा खरा मळा. तिथे दोन-तीनशे फुटांवर पाणी गुडघ्यावरून कमरेपर्यंत हळूहळू वाढते, आणि लव्हाळे, देवधान, कुमुद, मग हायड्रिला अशी रांग लागते. तो उभा कापला की काठाशीच दीड-दोन मीटर पाणी येते. वर बियाळ माती गेली, खाली कडक मुरूम उघडा पडला. त्यात मूळ धरत नाही.

हे दुरुस्त करता येते. येव्याच्या बाजूला, सगळीकडे नव्हे, एकूण क्षेत्राच्या पाव ते तृतीयांश भागात उतार १:८ च्या आसपास परत आणा, म्हणजे आठ मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली. भरावाच्या वर १५ सेंमी काळा गाळ पसरा, जवळच्या चांगल्या तलावाचा मिळाला तर उत्तम, त्यात बी असते. पुढे कधीही गाळ काढाल तेव्हा करारात दोन ओळी घाला: मधला आणि पाळीजवळचा गाळ काढायचा, येव्याकडचा पट्टा सोडायचा, आणि जिथे वनस्पती असतील तिथली वरची वीत बाजूला ठेवून शेवटी परत अंथरायची.

तिसरे कारण खत. इथे एक हिशेब करू, तो पाहून बहुतेकांचे डोळे उघडतात. सहा हेक्टर गुणिले दीड मीटर, म्हणजे ९०,००० घनमीटर पाणी. उथळ तलावात एकूण स्फुरद लीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेला की हिरव्या अवस्थेकडे कल पक्का होतो, ५० च्या खाली नितळ राहण्याची आशा असते. तुमच्या पूर्ण भरलेल्या तलावात १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एकूण ९ किलो स्फुरद. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात शुद्ध स्फुरद १० किलो असतो. पोत्यावरचे ४६ टक्के हे पी-टू-ओ-फाइव्हचे, शुद्ध स्फुरद त्याच्या ४४ टक्के. एका पोत्याइतका स्फुरद येऊन पाण्यात टिकला, तर पंधरा एकर तलाव मर्यादा ओलांडतो. आणि १ किलो स्फुरदावर सुमारे १०० किलो कोरडे शैवाल उभे राहू शकते.

स्फुरद मातीच्या कणांना चिकटून येतो, म्हणून पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत सर्वाधिक येतो. येव्याच्या तोंडाशी २०–३० मीटर लांबीचा गवत, लव्हाळे आणि पाणकणीस असलेला पट्टा ठेवला, आणि त्याच्याआधी गाळ बसायला एक उथळ खड्डा केला, तर यातला बराच भाग तिथेच थांबतो. तो खड्डा दर मे महिन्यात उपसावा लागतो. पहिल्या वर्षी सगळे उपसतात, तिसऱ्या वर्षी विसरतात, आणि मग भरलेला खड्डा उलट तलावाला गाळ पुरवतो.

गावाचे सांडपाणी येत असेल तर तो विषय स्वतंत्र आणि मोठा आहे. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण अर्धा किलो स्फुरद निघतो. सेप्टिक टाकीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात त्यातला बहुतेक तसाच असतो, टाकी तो अडवत नाही. अडवते ती शोषखड्ड्याभोवतीची माती. त्यामुळे टाकीचे पाणी नालीत सोडलेली चाळीस-पन्नास घरे असतील, तर तलावात काही करण्याआधी ती नाली वळवा किंवा घरोघर शोषखड्डे करा. ते होत नसेल तर लागवडीचे पैसे वाचवा.

चौथे, तणनाशके. धानाच्या रोवणीनंतर तीन-चार दिवसांत प्रेटिलाक्लोर किंवा ब्युटाक्लोर टाकतात, पुढे वीस-पंचवीस दिवसांनी बिस्पायरीबॅक. बांधीत पाणी अडवून ठेवायचे दिवस लेबलवर लिहिलेले असतात. पण मोठा पाऊस आला की धुरा (शेताचा बांध) फोडून पाणी सोडले जाते आणि ते थेट येव्यात. ही औषधे उगवत्या आणि कोवळ्या तणावर काम करण्यासाठी बनवलेली आहेत, आणि नेमके तेव्हाच तलावाच्या काठाला नवे कोंब येत असतात. मक्यासाठीचे अॅट्राझिन तर प्रकाशसंश्लेषणच अडवते, त्याला तण आणि हायड्रिला यांत फरक कळत नाही. उपाय शेतावरचाच आहे: येव्याला लागून असलेल्या पाच-दहा शेतकऱ्यांशी बोला, फवारणीआधी दोन दिवसांचा पावसाचा अंदाज पाहायला आणि धुरा आठवडाभर न फोडायला सांगा. सगळ्या पाणलोटाला पटवत बसू नका, शेवटचे दहा पुरेत.

शिंगाड्यावरच्या भुंग्यासाठी पाण्यावर कीटकनाशक मारत असतील तर तेही बंद. त्याने डॅफ्निया मरतो आणि शैवाल खाणाराच उरत नाही.

बाकीचे भराभर. काठाला बेशरमाची झुडपे वाढली असतील तर मुळासकट काढून काठावरून दूर वाळवा. तुकडा ओल्यात पडला की फुटतो. विसर्जनातल्या प्लास्टर ऑफ पॅरिसमधून गंधक येते. प्राणवायू नसलेल्या तळात त्याचे हायड्रोजन सल्फाइड होते, ते मुळांना विषारी आहे, शिवाय गाळात लोहाने धरून ठेवलेला स्फुरदही सुटतो. काठाला कुंड करून मूर्ती आणि निर्माल्य तिथे वळवणे पंचायतीला सहज शक्य आहे. गाळपेर करत असाल तर त्या जमिनीवर रासायनिक खत आणि तणनाशक नको, एवढी अट पुरे. तळ उन्हाळ्यात वाळणे मात्र चांगलेच असते, गाळ घट्ट होतो आणि कार्प निघतात.

आता त्या औषधांबद्दल. मोरचुदाचे अगदी लीटरला १ मिलिग्रॅम धरले तरी तुमच्या तलावाला ९० किलो लागेल. कठीण पाण्यात तांबे लगेच खाली बसते, म्हणजे काम होत नाही. मऊ पाण्यात माशांना आणि उरल्यासुरल्या पाणवनस्पतींना लागते. काम झालेच तर एकदम मेलेले शैवाल कुजून दोन दिवसांत प्राणवायू संपवते, आणि निळ्या-हिरव्या शैवालाच्या पेशी फुटून आतले विष पाण्यात येते. तीन आठवड्यांनी पाणी पुन्हा हिरवे, कारण स्फुरद होता तिथेच आहे, आणि तांबे गाळात साठत जाते. तुरटी स्फुरद बांधते हे खरे, पण ते पीएच ६ ते ८ मध्ये. दाट शैवालाच्या तलावात दुपारी पीएच ९ च्या वर जातो. तिथे अॅल्युमिनियम पुन्हा विरघळते आणि माशांना धोका होतो. प्रयोगशाळेत मात्रा ठरवल्याशिवाय तुरटीला हात लावू नका. बाटलीतल्या जिवाणूंबद्दल एकच विचारा: स्फुरद कुठे जातो? नत्र वायू होऊन उडू शकतो, स्फुरद उडत नाही. तो सांडव्यावरून वाहून जातो, गाळात बसतो किंवा तुम्ही हाताने काढता. चौथी वाट नाही.

जलपर्णी अन्न ओढते, पण तिच्या वजनात ९५ टक्के पाणी. कोरड्या वजनात स्फुरद ०.४ टक्के धरला, तर त्या एका डीएपीच्या पोत्याइतका काढायला ५० टन ओली जलपर्णी बाहेर ओढावी लागेल. ती नाही ओढली तर? अनुकूल हवेत ती दहा-बारा दिवसांत दुप्पट होते. दहा चौरस मीटरचा तुकडा दहा वेळा दुप्पट झाला की एक हेक्टर, म्हणजे चार महिन्यांत. तिचे बी गाळात वीस वर्षेही टिकते. ज्याने हा सल्ला दिला त्याला आभार सांगा आणि तेवढ्यावर थांबा.

आत्तापर्यंतचा अर्थ एवढाच: आधी मासे आणि येवा, मग तळाचा उतार, मग लागवड. क्रम बदलला तर खर्च दुप्पट.

लागवडीकडे येऊ. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत कमी असताना ढिवर (मासेमार) बांधवांना घेऊन ओढजाळ्याने गवत्या आणि सायप्रिनस काढा, एकदा नव्हे, आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. मरळ, शिंगूर परत सोडा. मरळ बारीक मासे खातो, बारीक मासे कमी झाले की डॅफ्निया वाचतो. मे अखेरीस येव्याकडचा उघडा पडलेला तळ एकदा हलका नांगरा. कडक झालेल्या पापुद्र्यात कोंब शिरत नाही. जूनमध्ये पहिले १५–३० सेंमी पाणी आले की लावा. तेव्हा गढूळपणा असला तरी इतक्या कमी खोलीत प्रकाश पोचतो आणि झाड पाण्याबरोबर वर चढते. ऑगस्टमध्ये भरलेल्या तलावात टाकलेली रोपे तरंगून सांडव्याला लागतात.

रोपे दहा-पंधरा किलोमीटरच्या आतल्या तलावातून आणा, ओल्या पोत्यात, त्याच दिवशी. हायड्रिलाचे २०–२५ सेंमीचे आठ-दहा तुकडे तणसाने (धानाच्या पेंढ्याने) बांधा, बुडाला मातीचा गोळा लावा, ५० सेंमी अंतराने दाबा. वॅलिस्नेरियाचा गड्डा मातीत गाडू नका, मुळे आत आणि पानांचा उगम मातीच्या वर, नाहीतर कुजतो. कुमुदाचे कंद टोपलीभर मातीसह बसवा. सगळ्या तलावात विरळ पसरण्यापेक्षा १० बाय १० मीटरचे पाच-सहा दाट चौकोन करा, एका चौकोनाला सुमारे ४०० जुड्या. पहिले वर्ष ते जाळीत ठेवा. आणताना प्रत्येक झुपका पाण्यात हलवून जलपर्णीचे आणि साल्विनिया या तरंगत्या तणाचे पिल्लू वेचून काढा. मत्स्यालयाच्या दुकानातले काहीही नको. अर्जुनी मोरगावकडे ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरम काढून, तळ नांगरून अशाच देशी पाणवनस्पती परत लावल्या आहेत. शक्य असेल तर तिथे जाऊन पाहून या. कोणती जात कोणत्या पाण्यात, हे त्यांना हाताने ठाऊक आहे.

पहिल्या पावसाळ्यात तीन गोष्टी चुकू शकतात. एका आठवड्यात पाणी मीटरभर चढले तर कोवळी रोपे अंधारात जातात. तूम (पाणी सोडायचे दार) उघडून चढण शक्य तेवढी हळू ठेवा, शेतकऱ्यांशी आधी बोलून. तंतूमय शैवाल रोपांवर चादर टाकेल. ते बांबूला गुंडाळून काढा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. आणि पाणकोंबड्या, गुरे नव्या पाल्यावर तुटून पडतील, म्हणून जाळी.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी, सगळे जमून आले तर, नेमकी उलटी तक्रार येईल: जाळे टाकता येत नाही, हायड्रिला फार झाला. तेव्हा कोणीतरी पुन्हा गवत्या सोडा म्हणेल. त्याऐवजी दहा-बारा फूट रुंदीच्या वाटा कापा आणि कापलेला पाला बाहेर शेतात न्या. ओल्या हायड्रिलाबरोबर स्फुरदही जातो, म्हणजे तलावाची साफसफाईच होते. कमळ आणि शिंगाडा मात्र अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकणार नाहीत एवढे पाहा, नाहीतर खाली पुन्हा अंधार.

गाळातला जुना स्फुरद काही वर्षे सुटत राहील, त्यामुळे येवा सुधारला तरी पहिली दोन वर्षे पाणी मधूनमधून हिरवे होणार. ताटलीचा आकडा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वर्षागणिक वाढतो आहे का, तेवढेच पाहा. २५ चे ४०, ४० चे ६० असे झाले तर दिशा बरोबर आहे.

संस्थेचा ठेका नव्याने होण्याआधी ठरावात ‘गवत्या आणि सायप्रिनस सोडणार नाही, शेणखत टाकणार नाही’ हे लिहून घ्या, आणि त्या बदल्यात ठेक्याची रक्कम कमी करा. उत्पन्न घटणार ते एकट्या ढिवरांनी का सोसायचे? या आठवड्यात बाटली आणि ताटली एवढे करा. निकाल कळवताना थर वर आला की खाली बसला, हे आधी सांगा. त्यावरून यंदा जूनमध्ये लावायचे की एक वर्ष थांबायचे ते ठरेल.